नोहेआची ठेव, शोभनाताईंचा हट्ट

"तुम्ही मूळच्या हवाईच्या का?" असं त्यांची हवाई बेटांवरची गोधडी पाहून कुणी विचारलं की शोभनाताई टिपणीस सांगतात, "नाही, मालवणच्या." आणि पुन्हा शिवणात मान घालतात. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमध्ये मालवण कुणाला ठाऊक असणार!

मी प्रभा, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. ताईंचे यजमान विलासराव इथल्या एका संशोधन संस्थेत इंजिनियर. २०११ साली दोघं इथे आले तेव्हा ताई पन्नाशीच्या होत्या, जर्मन येत नव्हतं आणि घरात बसवत नव्हतं. गावाजवळ अमेरिकन सैन्याचा तळ आहे. तिथल्या एका सैनिकाची बायको, नोहेआ, ही हवाई बेटांवरची. दर गुरुवारी ती चर्चशेजारच्या हॉलमध्ये आपल्या बेटांवरची गोधडी शिकवायची. ताई कुतूहलाने गेल्या.

या गोधडीचं कापड घडी घालून आठ पदरी करतात आणि नक्षी एकदाच कात्रीने कापतात. उलगडली की एका पानाची आठ पानं होतात. मग ती दुसऱ्या कापडावर बारीक टाक्यांनी बसवायची आणि पानांच्या कडेकडेने, मधून बाहेर, दोऱ्याच्या रांगा घालत जायच्या. पहिल्याच दिवशी नोहेआने दाखवलेली नक्षी पाहून ताई ओरडल्या, "अगो बाई, ही तर आमच्या मालवणच्या नीरफणसाची पानं!" त्या दोघींचं जमलं ते तिथेच.

पण ताईंची पहिली गोधडी पुरी व्हायला तीन वर्षं लागली. ती झाल्याच्या आनंदात त्यांनी आम्हा शेजाऱ्यांना पोहे खायला बोलावलं आणि कौतुकाने तीच गोधडी जमिनीवर अंथरली. आपल्याकडे पाहुण्याला गोधडी अंथरणं म्हणजे मान देणं. आम्ही ऐसपैस बसलो. नोहेआ मागाहून आली आणि दारातच उभी राहिली, बसेचना. मग हळूच म्हणाली, "आमच्यात हिच्यावर बसत नाहीत. शिवणारीचा जीव असतो हिच्यात."

"उठा! उठा सगळे!" ताई कडाडल्या. "अहो, तुम्हीसुद्धा!" विलासराव बशी सावरत उठले. ताईंनी वाकून गोधडीला हात लावला आणि तो कपाळाला लावला, पुस्तकाला पाय लागल्यावर आपण लावतो तसा. नोहेआला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. तिने ताईंना मिठीच मारली.

२०१५ साली नोहेआच्या नवऱ्याची बदली झाली. जाताना तिने वर्ग ताईंच्या हवाली केला. बजावून सांगितलं, "हाताने कापायचं, हाताने शिवायचं आणि दुसरीची नक्षी विचारल्याशिवाय उचलायची नाही. मला माझ्या आजीने असंच दिलं, तू असंच पुढे दे." ताईंनी शब्द दिला. मीही तेव्हापासून त्यांच्या वर्गाला जाऊ लागले.

वर्षभरात ब्रांटसाहेब आले. त्या हॉलमध्ये निरनिराळे वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे ते नवे व्यवस्थापक. माणूस वाईट नाही, पण सारखा घाईत.

"एका गोधडीला तीन-चार वर्षं? एवढं कोण थांबतं? दोन दिवसांचा कोर्स करू. पानं आधीच कापून पाकिटात येतील. बायका मशीनवर शिवतील. तुम्हीच शिकवा."

"नाही," ताई म्हणाल्या.

"फ्राउ टिपणीस, तुम्ही तर हवाईच्याही नाही. मग एवढा हट्ट कशाला?"

आम्ही सातजणी माना खाली घालून बसलो होतो. मला वाटलं, आता ताई रडणार, कारण घाव नेमका वर्मी बसला होता. ताई उठल्या. जर्मन मोडकं होतं, पण आवाज मोडका नव्हता.

"गेनाऊ! अगदी बरोबर! नाहीच मी हवाईची. माझी स्वतःची असती तर तोडली असती, मोडली असती, मशीनवर घातली असती. ही दुसऱ्याची ठेव आहे. तिच्यात फेरफार करायचा मला हक्क नाही, आणि तुम्हाला तर नाहीच नाही!"

झालं, हॉल गेला. सातांपैकी दोघींनी शिवणच सोडलं, पाचजणींनी नव्या कोर्सला नाव घातलं. त्यात मीही होते, खोटं कशाला बोलू? दोन दिवसांत होतंय तर चार वर्षं सुई टोचून घेणारी मी कोण!

शनिवारी कोर्स सुरू झाला. मशिनी घरघरत होत्या. समोरच्या भिंतीवर ताईंनी आपल्या वर्गासाठी टांगलेली गोधडी अजून तशीच, आणि ब्रांटसाहेबांनी तिचाच फोटो कोर्सच्या जाहिरातीवर छापलेला. दार उघडून ताई आल्या, खुर्ची ओढली आणि दुखऱ्या गुडघ्यासकट तिच्यावर चढून गोधडी उतरवू लागल्या.

"ती कोर्ससाठी आहे," ब्रांट धावत आले.

"मला विचारलं होतंत? ही बघून या बायकांना वाटेल, दोन दिवसांत अशी होते. ते खोटं आहे." मग वरूनच आमच्याकडे वळून म्हणाल्या, "गुरुवारी माझ्या घरी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चार वर्षं लागतील."

"कोणीही येणार नाही," ब्रांट म्हणाले.

गोधडी मोठी, एकटीच्या हातात मावेना. एक टोक जमिनीला टेकणार, इतक्यात मी उठून ते धरलं. माझी मला इतकी लाज वाटत होती की ताईंकडे बघवेना. त्या एवढंच म्हणाल्या, "प्रभा, नीट धर."

गुरुवारी आम्ही दोघीच होतो. ताईंचा हात चालू होता, पण कान दाराकडे. अर्ध्या तासाने बेल वाजली. रेनाटेबाई आल्या होत्या, शनिवारच्या कोर्समधल्या, वय एकोणऐंशी. प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत वर आल्या होत्या. दम खाऊन झाल्यावर त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"चार वर्षं म्हणजे मी त्र्याऐंशीची. आणि नाहीच पुरी झाली तर?"

ताईंनी हिरवं कापड आठ पदरी केलं, टाचण्या लावल्या आणि कात्री त्यांच्यापुढे ठेवली.

"तर अर्धी राहील. पण तुमच्या हातची राहील. कापा."

रेनाटेबाईंनी कात्री उचलली. पहिला काप जरा वाकडा जाऊ लागला. ताईंनी त्यांचा हात धरला नाही.