फाशीच्या धुनेवर टाळी

आयर्लंडमधल्या एका लहानशा गावच्या सभागृहात माझी भाची सई नाचायला उभी राहिली, तेव्हा बहीण कुजबुजली, "दादा, ही धून फासावर चढवलेल्या एका बंडखोराची आहे. ठेका चुकला की सई स्पर्धेतून बाद. तू फक्त गप्प बस."

गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

व्हायोलिन सुरू झालं. सईचे हात अंगाशी बांधल्यासारखे ताठ, चेहरा कोरा, आणि टणक तळव्यांचे बूट फळ्यांवर घणासारखे आदळत होते. पाय हवेत झटकले गेले की मला दोराला लटकलेला तो बंडखोरच दिसायचा. धुनेचा पहिला भाग संपला. दुसराही तेवढाच असणार, असं स्वतःच ठरवून मी तेवढा वेळ होताच दणदणीत टाळ्या पिटल्या. माझं बघून मागची रांगही पिटू लागली. सईचा पाय डळमळला.

"अरे दादा, दुसरा भाग लांब असतो! अजून मेला नाहीये तो!"

मी हात मांड्यांखाली दाबले. त्या खऱ्या फाशीला जमलेल्या गर्दीतही माझ्यासारखा एखादा भला माणूस असणारच. लवकर आटपावं म्हणून उतावीळ झालेला. वर पाय तडफडत असतानाच त्याने टाळी वाजवली असेल, आणि बाकीच्यांना वाटलं असेल, चला, झालं.

सईने ठेका सुटता सुटता सावरला. आता तिचे बूट असे आदळत होते, की जणू तो बंडखोर दोर तोडून खाली उतरलाय आणि आधी मलाच शोधतोय.