तिरप्या अक्षरांचे हुसेनभाई

हुसेनभाई बाजारातून चालताना पाट्यांशी भांडत. वेलबुट्टीची अक्षरं दिसली की भर नवी पेठेत थांबून त्या पाटीला म्हणत, "ए बाई, नथ काढ आन बोल की काय बोलायचं ते!" दुकानदार बाहेर येऊन शिव्या घाली, तर हे त्याला पाटी उतरवण्याचा सल्ला देत.

आमच्या छापखान्यात मी अक्षरं जुळवणारा जुळारी होतो. भिंतींवरच्या कुस्त्या-नाटकांच्या जाहिरातींची मोठी लाकडी अक्षरं हुसेनभाई कोरत. पैलवानांची नावं लांबलचक आणि कागद अरुंद, म्हणून त्यांनी आपलं अक्षर अंगानं चिंचोळं, रेघेनं जाड आणि पुढं झुकलेलं केलं. नखरा काडीचा नाही. "हुबं अक्षर दाराशी ताटकळतं. माझं सरळ घरात घुसतं," असं ते म्हणत. शिसवाच्या ठोकळ्यावर पटाशीनं एकेक अक्षर उलटं कोरत संच पुरा व्हायला त्यांना वर्षं लागली. पण ती अक्षरं भिंतीवर दिसली की घाईतला गिरणीवालाही थांबे.

मग शहरात गोऱ्या सरकारचा लष्करी कायदा आला. संचारबंदीचा हुकूम घेऊन फौजदार छापखान्यात आला. "त्या तिरप्या अक्षरांत छापा. लोक तेच वाचतात."

"कुस्तीचं सांगीन, नाटकाचं सांगीन," हुसेनभाई म्हणाले. "मान्साला घरात कोंडायचं माझं अक्षर सांगणार न्हाय."

फौजदार हसला. "तुला विचारतोय कोण? हा जुळारी जुळवील." मालकांनी खाली मान घालून मला खूण केली.

हुसेनभाई एकदम नरमले. "बराय साहेब. जुनी शाई बसलीया, तेवढी साफ करून देतो. बसा की."

फौजदार विडी पेटवून बसला. हुसेनभाईंनी रंधा घेतला आणि ठोकळ्यांच्या तोंडावरून चालवायला सुरुवात केली. आधी काळ्या ढलप्या पडल्या, मग तांबूस. अक्षर म्हणजे लाकडाचा तो वर आलेला भागच, हे फौजदाराला कुठून ठाऊक असणार? मालकांना ठाऊक होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्यांनी हिशेबाची वही उघडून तिच्यात डोकं घातलं. मला तर रडू आवरेना. शेवटचा ठोकळा झाल्यावर हुसेनभाईंनी तो फौजदाराच्या हातात ठेवला. "घ्या. साफ."

फौजदारानं ठोकळा उलटसुलट करून पाहिला. दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत होत्या.

तुरुंगात खडी फोडून हुसेनभाई परतले तेव्हा बोटं जाड झाली होती. मालकांनी जागा दिली, पण चाचरत म्हणाले, "आता साधी उभी कोरा. डोळ्यांवर यायला नको."

"डोळ्यांवर यावं म्हणूनच तर कोरतो की!" असं म्हणून त्यांनी नवा ठोकळा पुढं ओढला आणि पहिल्याहून जाड, पहिल्याहून तिरपा 'अ' आखला.

"हुसेनभाई, सगळी पुन्हा पहिल्यापासून?" मी विचारलं.

"व्हय. रंधा माझा होता, पटाशी बी माझीच हाय."