पंधरा अँपिअरचा फ्यूज

पोस्टिंग उत्तरेत, डोंगरातल्या लष्करी वर्कशॉपमध्ये होती. मी हवालदार, गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. सहाला पीटी, साडेसातला कॉन्व्हॉयच्या, म्हणजे ताफ्याच्या, गाड्यांची तपासणी.

त्या दिवशी चार नंबरच्या गाडीच्या हीटरचा फ्यूज दोनदा उडाला. ड्रायव्हर नायक साळुंखे, साताऱ्याकडचा, म्हणाला, "उस्ताद, ही गाडी आज ठेवूया." निघायला दहा मिनिटं होती. सुभेदार साहेब घड्याळ बघत होते. माझ्यामुळे कॉन्व्हॉय अडला हे मला ऐकून घ्यायचं नव्हतं. मी सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद फ्यूजवर गुंडाळला. हीटर चालू झाला.

"जा निवांत," मी म्हणालो. फ्यूज उडतो तो वायरिंग वाचवायला, हे मला पाठ होतं.

९.४० ला वायरलेस खरखरला. "चार नंबर. डॅश से धुआँ. ओव्हर."

"गाडी रोको. सब उतरो. ओव्हर," सुभेदार साहेब ओरडले.

उतार होता. साळुंखेने गाडी उजव्या कड्याला घासत थांबवली. मागचे आठ जवान उड्या मारून वाचले. त्याचा दरवाजा कड्याला अडकला आणि धुरात त्याला दुसरा गाठता आला नाही.

चौकशीत फ्यूजबॉक्समध्ये तो कागद सापडला. ड्रायव्हरनेच लावला असणार, असं सगळ्यांनी धरलं. मी गप्प बसलो. भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

आता पुण्याजवळ मोशीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गेल्या आठवड्यात दुपारी दोनला गणेश आला. मूळ बीडचा, चाकणच्या कंपनीत कामगार पोचवतो. गाडीत सहाजण होते.

"काका, एसीचा फ्यूज सारखा उडायलाय. मीच तीसचा टाकला, तर आता जळका वास यायलाय. तीनची शिफ्ट हाय, पटकन बघा."

"आधी सगळे उतरा."

बॅटरीची वायर काढली. पंधराच्या जागी तीसचा फ्यूज. डॅशखाली ब्लोअरचा, म्हणजे एसीच्या पंख्याचा, प्लग वितळलेला, वायरींची कव्हरं एकमेकांना चिकटलेली. मोटर कचऱ्याने जाम होऊन जादा करंट ओढत होती. मूळ दुखणं तिथे होतं.

"दोन तास लागतील."

"काका, काम जाईल माझं!"

मी किल्ली खिशात टाकली. तो तावातावाने भांडला. कामगार वैतागून रिक्षा शोधायला गेले. मग मोटर सोडवता सोडवता मी त्याला साळुंखेचं सांगितलं, कागदासकट. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, "त्यांच्या घरी म्हाईत हाय का हे?"

नाही. दरवर्षी मी साळुंखेच्या घरी त्याच्या फोटोला हार घालायला जातो. वहिनी चहा देतात आणि विचारतात, "भाऊजी, एवढे जपून गाडी चालवायचे, मग यांनी असं कसं केलं हो?" मी खाली मान घालून चहा पितो.

पुढच्या रविवारी जाणार आहे. चहाच्या आधी सांगायचं आहे. नायक साळुंखेने त्या फ्यूजला हातही लावला नव्हता.