सात नंबरचा डबा

याप्केच्या घरात बिस्किटांचे अकरा डबे होते आणि त्यांत औषधालासुद्धा बिस्कीट नव्हतं. सगळ्या वायरी. चाळीस वर्षं ती टेलिफोनच्या तारा जोडत नेदरलंड्सच्या फ्रीसलंड प्रांतभर हिंडली, आणि निवृत्त झाल्यावर गावाने टाकलेली वायर न् वायर घरी आणू लागली. जुन्या टीव्हीच्या रुंद जबड्याच्या, स्पीकरच्या, प्रिंटरच्या, कॅमेऱ्याच्या. एकीचं टोक दुसरीच्या खाचेत बसेल तर शपथ! "एवढे शिकलेले इंजिनिअर, एका टेबलाशी बसून एक खाच ठरवता आली नाही त्यांना," ती म्हणायची, "आणि वेडी कोण, तर मी."

वेडी म्हणणारा मुख्यतः तिचा नवरा गोसे. तो गावातल्या काठीउडी मंडळाचा चिटणीस. कालव्यात उंच काठी रोवायची, धावत येऊन तिला बिलगायचं, सरसर वर चढायचं आणि पलीकडच्या वाळूत उडी टाकायची, हा आमच्याकडचा खेळ. यंदा सोळा मीटर ओलांडलेल्यांच्या नावांचा फलक लागणार होता आणि गोसेचा नियम एकच होता : पुरावा दाखवा, नाव लावा.

राजाच्या वाढदिवशी सकाळी दहालाच विब्रेन दारात उभा राहिला. चौसष्ट वर्षांचा, दूध-डेअरीतून निवृत्त झालेला धिप्पाड गडी. हातात जुना कॅमेरा.

"याप्के, तुझा नवरा आज संध्याकाळी फलक रंगवणार आहे. माझं नाव नाहीये त्यात."

नाव कसं असणार? २००१ साली आपण सोळा मीटर बारा सेंटिमीटर उडी मारली, हे तो शपथेवर सांगे आणि गाव तोंडावर हसे. त्या दिवशी लोकांनी आनंदाच्या भरात मोजणाऱ्यालाच कालव्यात फेकलं होतं, वहीसकट. मोजणारा वर आला, वही काही आली नाही. आता तो मोजणाराही हयात नव्हता. उरली होती विब्रेनच्या बायकोने, आउक्येने, काढलेली उडीची व्हिडिओ कॅसेट. आउक्येला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"पुतण्याने कॉम्प्युटरला लावून बघितली. म्हणतो, कोरी आहे. गाईचे चार फोटो निघाले फक्त."

"कॅमेऱ्याच्या कुठल्या खाचेत वायर लावली त्याने?"

"जी बसली तिच्यात."

"हेच ते!" याप्केने टाळीच वाजवली. तिने कॅमेऱ्याची रबरी झडप उचलली. आत दोन खाचा होत्या. "ही फक्त फोटोंची. कॅसेट या दुसरीतून बाहेर पडते. तुझा पुतण्या गोठ्यात शिरून विचारतोय, दिवाणखाना कुठाय! कोरी म्हणे!"

कॅमेऱ्याचा पडदा फुटला होता, टीव्हीची खाच गंजली होती. म्हणजे वाट एकच. त्या दुसऱ्या खाचेची वायर एके काळी फार चपळ होती, चित्र न अडखळता नेणारी. पण बाजारात स्वस्त वायर जिंकली आणि चपळ मेली. याप्केला त्याचा अजून राग होता. जणू तिच्याच माहेरचं माणूस हरलं होतं.

तिने धडाधड डबे उघडले. तीन नंबरमधून बारीक टोकाची वायर. पाचमधून तिला जोडायचा चौकोनी तुकडा. त्यापुढे एक जोड. आता फक्त शेवटचा जोड, बोटाएवढा पांढरा, नव्या लॅपटॉपला लागणारा. तो सात नंबरमध्ये.

फळीवर सातची जागा रिकामी होती.

"गोसे!" ती ओरडली आणि तिच्या लक्षात आलं, की गोसे घरात नाहीच. राजाच्या वाढदिवसाच्या रिवाजाप्रमाणे आज गावभर लोक रस्त्यावर चादरी अंथरून अडगळ विकत होते, आणि गोसे भल्या पहाटेच जागा धरायला गेला होता.

ती घरातल्या चपलांवरच धावली. मागून कॅमेरा छातीशी धरून विब्रेन. नारिंगी टोप्या घातलेली गर्दी तिने कोपरांनी फोडली. गोसेच्या चादरीपाशी एक बाई सात नंबरचा डबा न्याहाळत होती.

"केकला छान होईल," बाई म्हणत होती. "आतल्या वायरी नकोत मला."

"ओतल्या त्या इथे," गोसे म्हणाला. "का गं, एवढी धापा का टाकतेस?"

याप्के उत्तर द्यायला थांबली नाही. गुडघ्यांवर बसून तिने ढीग उपसला, आणि तळाशी पांढरा तुकडा हाती लागताच अशी किंचाळली की शेजारच्या चादरीवरचं कुत्रं भुंकायला लागलं. "चल घरी! तूसुद्धा चल, चिटणीस!"

पाच टोकं एकमेकांत बसली. विब्रेनच्या कपाळावर घाम आला होता. याप्केने कळ दाबली, कॅसेट कुरकुरली, आणि पडद्यावर कालवा आला! काठी आली, धावणारा चाळिशीतला विब्रेन आला, काठीवर चढला, काठी कलली...

आणि कॅमेरा गर्रकन फिरला. गवत. बायकी बूट, तेही थयथय नाचणारे. भोंग्यावर कुणीतरी आकडा सांगत होतं. पण त्याच्यावर एक आवाज चढला होता. "सोळा बारा! अरे विब्रेन! सोळा बारा रे माझ्या राजा!"

विब्रेनने खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ओढली.

गोसेने घसा खाकरला. "उडी पडलेली दिसत नाही. भोंगा ऐकू येत नाही. बायकोचा शब्द अधिकृत धरता येत नाही."

"मेल्या, तुला काही..." याप्के उसळली.

"राहू दे गं," विब्रेन म्हणाला. डोळे पुसायचं त्याला सुचलं नव्हतं. "फलक मरू दे. पुन्हा लाव. आवाज वाढव."

तिने पुन्हा लावली. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी ती वळून बघते तर गोसे नव्हता.

शनिवारी फलकावरचं कापड ओढलं गेलं. चौदा नावं अपेक्षित होती, पंधरा निघाली. सर्वांत खाली विब्रेन, १६.१२. आणि त्याच्या पुढे, इतर कुणाच्याच पुढे नव्हतं असं, चिटणिसाच्या नेटक्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : साक्षीदार, आउक्ये.