पंखांची खालची बाजू

ठाण्याच्या कचेरीपुढे मी अर्ज लिहितो, आणि फुलपाखरे जमवणाऱ्या इथल्या गोऱ्या साहेबांचे माझ्यावाचून चालत नाही. त्यांना फुलपाखरे पकडून देणारा मिठागरातला एक इसम तिथेच येतो. तो उकिडवा बसतो आणि बोलण्याआधी मिशी पुसतो. एकदा साहेबांच्या यादीत मी लिहिले, ‘निळी फुलपाखरे, जात एक.’

त्याने मिशी पुसली. “रावसाहेब, जाती चार हायेत. तुमी वरूनच वाचलंत. उलटून बगा.”

पंखांखालचे ठिपके आणि रेघा खरोखरच निरनिराळ्या होत्या. साहेबांनी माझी ओळ खोडली. लिहिता येत नाही म्हणून सहीऐवजी नांगराची खूण काढणाऱ्या त्या माणसाचा मला अजून मत्सर वाटतो.

हल्ली भिंतीशी निळे फुलपाखरू बसले, की कोणी पाहत नाही अशी खात्री करून मीही उकिडवा बसतो.