साडूची घडीची गिटार

स्केमलांगला त्याचा साडू आवडत नव्हता असं नाही. साडू बेंगळुरूला असेपर्यंत चांगला आवडायचा. तिथल्या हॉटेलातली नोकरी सोडून नाताळापुरता वानबोक गावी, सोहऱ्याला आला, की मात्र स्केमलांगच्या पोटात दुखायला लागायचं. धाकट्या मुलीचा नवरा म्हणून वानबोक सासूबाईंच्याच घरात राहायचा. थोरलीचा नवरा स्केमलांग पलीकडे, स्वतः बांधलेल्या घरात. उठबस मात्र सगळ्यांची सासूबाईंच्या चुलीपाशी.

त्या वर्षी वानबोक पाठीवर एक चौकोनी पिशवी घेऊन आला. सगळे चुलीभोवती जमल्यावर त्याने तिच्यातून एक गिटार काढली. तिचा दांडा पोटावर दुमडलेला होता आणि तारा सैल लोंबत होत्या. त्याने दांडा उलगडला, खटका दाबला, तशा तारा ताठ झाल्या आणि तो वाजवायलाच लागला. सासूबाईंनी तोंडातलं क्वायचं, म्हणजे सुपारीचं, पान गालात सारलं आणि पुन्हा मिटायला सांगितलं. मग पुन्हा उघडायला. जावयाचं कौतुक आटोपल्यावर त्या दुसऱ्या जावयाकडे वळल्या.

"स्केमलांग, जन्मभर बिजागऱ्या ठोकल्यास. तुला नाही सुचलं हे?"

"माझी गिटार दुमडली की तिला मोडली म्हणतात, आई," स्केमलांग म्हणाला. सगळे हसले, तोही हसला. आतून मात्र त्याचा तिळपापड झाला होता.

स्केमलांग सुतार. गावातली निम्मी दारं त्याच्या हातची आणि शवपेट्या तर जवळजवळ सगळ्याच. लग्न असो नाहीतर मयताच्या घरचं जागरण असो, गिटार घेऊन बोलावणं त्यालाच यायचं. हा मान त्याला कुणी दिला नव्हता, त्याने तो वाजवून मिळवला होता. पण खरी गोष्ट त्याहून लहान होती. नाताळच्या दिवशी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये त्याची मुलगी इदाशिशा गायची आणि साथीला तो असायचा. इदाला कूळ आईचं, आडनाव आईचं. कुठल्याही ठरावाच्या वेळी शब्द चालायचा तो तिच्या मामाचा. ते रीतीप्रमाणेच होतं आणि स्केमलांगची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण ते एक गाणं बापाचं होतं. बाकी सगळं घ्या, तेवढं सोडा, असं त्याने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

आणि इदा त्या घडीच्या गिटारीवरून हात फिरवत म्हणाली, "पानाह, यंदा मी तुझ्याबरोबर गाऊ?"

मावशीच्या नवऱ्याला ती पानाह म्हणायची. पानाह लगेच हो म्हणाला. बापाला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी स्केमलांग सासूबाईंकडे करवत मागायला गेला. ती त्याचीच होती, मागून आणायला निमित्त म्हणून बरी. चुलीवरच्या फळीकडे त्याचं लक्ष गेलं. मक्याची कणसं आणि सुकत घातलेलं मांस यांच्या शेजारी ती गिटार टांगलेली होती.

पावसाळ्यात सोहऱ्यात जे जे जिवापाड जपायचं, ते ते चुलीवर जातं. नाहीतर आठवड्यात बुरशी. त्याची स्वतःची गिटारही पावसाळाभर तिथेच असायची. पण पाऊस सरला की तो ती उतरवायचा. डिसेंबरातली हवा आधीच कोरडी, त्यात खालून निखारे. लाकूड आखडणार, पोट खाली बसणार, तारा दांड्यावरच्या फ्रेटच्या पट्ट्यांना टेकणार. सुताराला हे काय सांगायचं? बेंगळुरूला राहून जावईबापूंची अक्कल पातळ झाली, असं मनात म्हणत त्याने सासूबाईंनी दिलेलं पान खाल्लं, करवत उचलली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पुढे रोज काही ना काही निमित्ताने तो जाऊन बघून येऊ लागला. भाताच्या पातेल्यात डोकवावं तसा.

नाताळच्या आदल्या सकाळी तालमीला गिटार बोलू लागली ती गांधीलमाशी कोंडल्यासारखी. प्रत्येक सुरामागे झणझण. वानबोकने तारा बदलल्या, दांडा मिटून पुन्हा उघडला, खटका करकचून दाबला. झणझण होती तशीच. शेवटी तो गिटार घेऊन स्केमलांगच्या अंगणात आला.

"बाह, जरा बघता का?" थोरल्या साडूला तो बाह, म्हणजे दादा, म्हणायचा.

स्केमलांगने एक डोळा मिटून दांड्यावरून नजर टाकली. आतली पोलादी सळी किल्लीने थोडी सैल केली, की तारांच्या ओढीने दांडा पुढे झुकेल, तारा उचलतील आणि झणझण जाईल, हे त्याला दिसत होतं. किल्ली पिशवीच्या कप्प्यातच होती.

"घडीच्या वस्तूचं हे असंच," तो म्हणाला. "बिजागरी आली की खुळखुळ आली. दुकानात परत दे."

वानबोकचा चेहरा उतरला. स्केमलांगला फार बरं वाटलं. इतकं, की जेवायच्या आधी त्याने स्वतःची गिटार पुसली आणि तारा लावून ठेवल्या.

जेवताना इदाने मांस घालून शिजवलेल्या जादोह भाताला हात लावला नाही. आई उठून गेल्यावर ती हळूच म्हणाली, "पा, ती गिटार मी बिघडवली."

"तू?"

"ओल लागू नये म्हणून मीच चुलीवर टांगली. तू तुझी टांगतोस ना, म्हणून." तिचा आवाज चिरकला. "पानाहला सांगू नकोस. तो काही बोलणार नाही, पण मग माझ्याबरोबर वाजवणारही नाही."

स्केमलांगने हातातला घास ताटात ठेवला. टांगायचं कसं ते पोरीने बघून बघून उचललं होतं. उतरवायचं कधी ते तिला त्याने सांगितलंच नव्हतं.

हात धुऊन तो तडक सासूबाईंकडे गेला. वानबोककडून गिटार आणि किल्ली मागून घेतली. सळी थोडी फिरवली, वाजवून पाहिली, आणखी थोडी फिरवली. झणझण गेली.

"चुलीवर टांगलेली मी रोज बघत होतो," तो मान वर न करता म्हणाला.

वानबोक म्हणाला, "मग बोलला का नाहीत, बाह?"

"तुझी होती म्हणून."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये जाताना त्याने स्वतःची गिटारही बरोबर घेतली. आपण एवढं कबूल केलं, आता पोरीचं मन वळेल, अशी एक वेडी आशा होती. इदाने दोघांकडे पाहिलं, बापाकडे बघून हसली आणि जाऊन वानबोकशेजारी उभी राहिली.

ती गायला लागली आणि पहिल्याच ओळीला आवाज असा वर चढला की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. शेजारी बसलेली त्याची बायको टेइमोन चकित होऊन म्हणाली, "इतकं वरचं येतं हिला? मग आजवर खालीच का गायची?"

स्केमलांगला कारण ठाऊक होतं. त्याच्या म्हाताऱ्या गिटारीचा दांडा पुऱ्या ताणाला टिकत नसे, म्हणून तो तारा सैल, खालच्या सुरात लावायचा. त्या गिटारीला झेपेल तेवढंच पोर इतकी वर्षं गात आली होती.

गाणं संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, स्केमलांगनेही वाजवल्या, आणि साडूचा त्याला जन्मात आला नव्हता इतका राग आला.