पाहुण्यासमोर वाचलेला कागद

आमच्या मोहल्ल्यात पाहुण्यासमोर कागद वाचत नाहीत. पाहुणा ताटावर बसला, त्याने राकियाचा, आमच्या फळांच्या दारूचा, पेला तुमच्या पेल्याला भिडवला, हातात हात दिला, की झाला व्यवहार. मग त्याने कागद पुढे केला तर सही करायची आणि भाकरी मोडायची. तो कागद डोळ्यांपुढे धरून ओळ न् ओळ वाचायला लागलात तर त्याचा अर्थ एकच: बाबा रे, तू मला चोर वाटतोस. असं तोंडावर कोण म्हणेल? आम्ही तर दुश्मनालासुद्धा जेवून झाल्यावरच शिव्या घालतो.

माझा थोरला भाऊ राकिप याने अशीच सही केली. कशावर, ते विचारा. माझ्या ढोलावर! वाजंत्र्यांच्या मेळ्यात आमचा पहिला नंबर आला होता, टेबलावर पेले आणि हाडकं यांच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. बेलग्रेडच्या एका कंपनीचा माणूस, वुकोटा त्याचं नाव, खिशातून कागद काढून इकडेतिकडे बघायला लागला. राकिप म्हणाला, "ताहिर, आडवा कर रे तो ढोल." मी केला. पेन चामड्यात रुतलं. तो निळा डाग अजून आहे, किती घासला तरी जात नाही मेला.

पण ही गोष्ट राकिपची नाही. त्याच्यावर बोलणारे आमच्या व्रान्ये गावात ढिगाने सापडतील. ही त्याच्या बायकोची, स्मिल्का वहिनीची.

वहिनी चपलांच्या कारखान्यात शिलाईला होती. कारखाना बंद पडला तेव्हा ती घरी बसली आणि घरात बसल्या बसल्या आमचा सगळा बँड तिने ताब्यात घेतला. फोन स्वयंपाकघरात, वहीबिही काही नाही, सगळं डोक्यात. कुठल्या लग्नाला किती ट्रम्पेट लागतात, कुणाला बसमध्ये उलटी होते, कुणाला मुलीकडच्यांसमोर पिऊ द्यायचं नाही. शर्टांना इस्त्री तीच करायची आणि शर्टातल्यांना पण तीच सरळ करायची. आम्ही चेष्टेने तिला 'मॅनेजरबाई' म्हणायचो. ती म्हणायची, "मॅनेजर खुर्चीत बसतो भावजी. मी चुलीपाशी उभी आहे. आधी तुमची ती कॉलर नीट करा."

मेळ्याहून आल्यावर तिने राकिपला एवढंच विचारलं, "वाचलंस का?"

"पाहुण्यासमोर?"

"मग पाहुणा उठून गेल्यावर?"

"तोवर सही झाली होती ना गं."

वहिनीने कपाळावर हात मारला आणि सरमाचं, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचं, पातेलं खाली आपटलं.

वर्षं बरी गेली. वुकोटाने रेकॉर्डिंग काढली, परदेशात नेलं, पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'राकिप ऑर्केस्टर' छापलं. मग एका वसंतात, संत जॉर्जचा सण उलटल्यावर, राकिपची छाती दुखायला लागली आणि आठवड्याच्या आत आम्ही त्याला माती दिली. थडग्यावर मी ढोल वाजवला. कसा वाजवला ते मला विचारू नका.

आमच्यात घरधनी गेला की वर्षभर घरात गाणं-वाजवणं नसतं. रेडिओवर फडकं टाकतात. वहिनी काळ्या कपड्यांत दारात बसलेली, त्यांचा मुलगा एम्रान, तोही ट्रम्पेटवाला, वाद्य खोक्यात घालून लाकडाच्या वखारीत कामाला लागलेला. आणि एका संध्याकाळी शेजाऱ्यांच्या उघड्या खिडकीतून आमचीच चाल ऐकू आली! सासूच्या नाचाची. वहिनी उठली, तशीच शेजारच्या घरात शिरली. टीव्हीवर लाल जाकिटातली अनोळखी पोरं वाजवत होती. खाली नाव काय? 'राकिप ऑर्केस्टर'. चाल कुणाची? कंपनीतल्या कुण्या भलत्याचीच.

ही चाल म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे सून दारात आली की सासू हातात चाळण घेऊन नाचते. चाळणीत गहू, साखरेच्या गोळ्या, कडेला लाल रुमाल. नाचत नाचत चारी दिशांना गहू उधळते, मग सून घरात. स्मिल्का वहिनी नवरी होऊन आली तेव्हा आमच्या आईला वाजंत्र्यांची जुनी चाल पसंत पडेना. म्हणाली, "ही तर मेलेल्या गाढवासारखी चालते!" झालं, नवरदेवाने स्वतःच्या लग्नात काकाच्या हातचा ट्रम्पेट ओढून घेतला आणि उभ्या उभ्या नवी चाल बांधली. आई नाचली, दात नसलेलं तोंड उघडं टाकून हसली. त्यानंतर मोहल्ल्यातली एकेक सासू अडून बसायची: राकिपची चाल नसेल तर मी चाळणीला हात लावणार नाही.

तीच चाल आता टीव्हीवर परक्याची झाली होती. मागोमाग नोटीस आली: राकिपचं नाव लावून वाजवायचं नाही, ती चाल वाजवायची नाही, नाहीतर खटला.

व्रान्येचा मिलुतिन वकील भला माणूस, पण तोंड असं की त्याच्याकडे बघूनच माणूस खचावा. त्याने कागद चाळला आणि चष्मा काढला. "नाव गेलं, स्मिल्काताई. नाव त्याने सहीनिशी लिहून दिलंय. चालीचं मात्र तसं नाही. 'या सहीनंतर बांधलेल्या चाली कंपनीच्या', असं यात आहे. तुमची चाल सहीच्या आधीची, हे सिद्ध करता येईल?"

"मी त्या चालीवर या घरात आले! तेव्हा हा एम्रान जन्मायचा होता."

"तुम्ही बायको. तुमचं कोण ऐकणार? कुठे लिहून ठेवलीय?"

"आमच्यात लिहितात कुठे? कानाने घेतात."

मिलुतिनने चष्मा पुन्हा लावला. "मग अवघड आहे."

आणि तेवढ्यात वुकोटाचा फोन आला. गोड बोलणं तर त्याच्याकडून शिकावं. म्हणाला, कोर्टकचेरी कशाला, आपण घरचीच माणसं. नाव मी परत देतो, पोरगा खुशाल वाजवू दे बापाच्या नावाने. तुम्ही फक्त लिहून द्या की ती चाल कंपनीची. पुढे कळलं, कुठल्याशा परदेशी जाहिरातीसाठी त्याला ती चाल विकायची होती.

खरं सांगतो, आम्हा सगळ्यांना ते पटलं. लग्नाची बोलावणी नावावर येतात, चालीवर नाही. नाव गेलं तर एम्रान जन्मभर वखारीत फळ्या उचलणार. मी वहिनीसमोर बसलो आणि बोलायला लागलो.

"वहिनी, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. नाव घे. पोटाला नाव लागतं."

"आणि चाल?"

"चाल काय, एम्रान दुसरी बांधेल."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी खुर्ची मागे सरकवली. "भावजी, तुमची आई कुठल्या चालीवर हसली होती? दुसऱ्या? उद्या एम्रानची बायको दारात येईल तेव्हा मी चाळण घेऊन उभी राहीन आणि वाजवायच्या आधी बेलग्रेडला फोन करून विचारू, साहेब, नाचू का? मेले तरी विचारणार नाही!"

"अगं पण पोराच्या पोटाचं..."

एम्रान आतून म्हणाला, "काका, पोट माझं आहे. आई म्हणेल तसं." आणि विषय संपला. हा मुलगा बापावर गेला नाही, आईवर गेलाय, देवाचे उपकार.

मग वहिनीने काय करावं? मिलुतिनला बेलग्रेडच्या कोर्टात दावा लावायला सांगितलं आणि स्वतः मोहल्ल्यातल्या सासवा गोळा करायला सुरुवात केली. काळ्या कपड्यांत दारोदार. ज्या ज्या बाईने सहीच्या आधी चाळण हातात घेऊन त्या चालीवर सून आत घेतली होती, त्या त्या बाईच्या दारात. सोपं नव्हतं हो! एकीचं सुनेशी वाकडं, ती म्हणे त्या भवानीचं लग्न मला आठवायचंसुद्धा नाही. दुसरी म्हणे, येईन, पण अमकी आली तर एका बसमध्ये बसणार नाही. तिसरीचा मुलगा म्हणाला, आई कोर्टात गेली तर पोलीस आमच्यावर डूख धरतील. वहिनी एकदा जायची, नकार घ्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात. कॉफी प्यायची, नातवाचं नाक पुसायची, आणि पुन्हा तेच: "येतेस ना बेलग्रेडला?" शेवटी लोक तिच्या चिकाटीला कंटाळून हो म्हणाले. मी मनात म्हटलं, ही बाई यमाला पण दारात तिष्ठत ठेवेल.

कोर्टात आम्ही गेलो तेव्हा सासवांनी बाक भरून गेला. घरून भाजलेल्या मिरच्या आणि पाव आणलेले, कॉरिडॉरभर वास. वुकोटाच्या वकिलाने नाकाला रुमाल लावला. न्यायाधीशबाई थकलेल्या, पण कान उघडे. वुकोटाच्या वकिलाने सगळ्यात म्हातारीला, झुम्रुत आजीला, घेरलं.

"आजी, इतक्या वर्षांनी तुम्हाला कसं आठवणार? सगळ्या नाचाच्या चाली सारख्याच तर असतात."

"तुझं लग्न झालंय का रे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"तुझ्या आईला विचार. सून आत घेताना कुठला पाय आधी उचलला ते बाई विसरते का? राकिपच्या चालीत मध्येच एक ठोका गळतो. मी तिथे पडता पडता वाचले होते, सगळा मोहल्ला हसला होता मला. माझा नातू आता दाढी करतो. हा तुझा कागद त्याच्या जन्माच्या अलीकडचा की पलीकडचा?"

न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणखी कोणी पडलं होतं का?" सगळा बाक उठून उभा राहिला. आणि वर सासवांनी ट्रंकांतून शोधून आणलेल्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी होत्याच, कोपऱ्यात तारीख असलेल्या, गहू उधळण्यासकट आणि तोल जाण्यासकट.

नावाचा निकाल मिलुतिनने सांगितला होता तसाच लागला. नाव गेलं ते गेलंच. चाल मात्र राकिपची, आणि त्याच्या मागे बायको-मुलाची. कोर्टाबाहेर वहिनी पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडली. राकिप गेला तेव्हा जे डोळे कोरडे होते, ते तिथे वाहिले. सासवा तिला गराडा घालून उभ्या राहिल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला बघू दिलं नाही.

वर्ष सरलं, रेडिओवरचं फडकं निघालं, एम्रानचं लग्न ठरलं. आणि लग्नाच्या आदल्या रविवारी दारात कोण? वुकोटा! हातात मिठाईचा डबा, चेहऱ्यावर तीच साखर. जाहिरातवाले अडून बसले होते, चालीला वहिनीची परवानगी हवी होती.

पाहुणा तो पाहुणा. वहिनीने त्याला बसवलं, सरमा वाढली, राकिया ओतली. त्याने पेला भिडवला, राकिपच्या आत्म्याचं नाव घेतलं, दोन थेंब जमिनीवर सांडले. सगळं रीतसर. मग खिशातून कागद निघाला. पेनाचं टोपण त्याने स्वतःच उघडून दिलं.

वहिनीने चष्मा लावला. कागद उजेडात धरला. आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली.

मी हातातला घास ताटात ठेवला. आमच्या घरात, ताटावर बसलेल्या पाहुण्यासमोर! वुकोटा हसला, मग हसू आटलं. "स्मिल्काताई, जेवण निवतंय."

"निवू दे. पुन्हा गरम करता येतं." आणि पुढची ओळ.

तिने सगळं वाचलं. बारीक अक्षरातलं पण. एके ठिकाणी थांबली आणि तेच दोनदा वाचलं: चाल कायमची, जगभर, कुठल्याही स्वरूपात, कंपनीला. मग कागदाची घडी घातली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"वाचलं. आता जेवा."

"आणि सही?"

"जेवा म्हटलं ना. आमच्यात पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत." बिचाऱ्याने निवलेली सरमा संपवली. मिठाईचा डबा वहिनीने त्याच्यासोबत परत दिला.

लग्नाच्या दिवशी माईकवाला माझ्या कानात विचारू लागला, "बँडचं नाव काय पुकारू?" मी वहिनीकडे बघितलं. ती चाळणीला लाल रुमाल बांधत होती. "नाव नाहीये," ती म्हणाली, "वाजवा तुम्ही." एम्रानने नवरदेवाच्या कोटातच ट्रम्पेट तोंडाला लावला, बापासारखाच. मोहल्ल्यातल्या सासवा पहिल्या सुरालाच उठल्या, टाळ्या सुरू. वहिनी नाचत माझ्यासमोर आली, गहू माझ्या डोक्यावर उधळला. जिथे ठोका गळतो तिथे मी हात वर धरून थांबलो. मग जो टोला हाणला तो नेमका त्या निळ्या डागावर.